मोत मावलीच्या चढावरचं मेणाचं दुकान

आधीच सांगते, मी स्वतः काउंटरच्या पलीकडे उभी राहणारी बाई आहे. एका मॉलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये मला बिलिंगला ११ वर्षं झाली. कोणी रागाच्या भरात एक स्टार देऊन गेलं की दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कोणाला उभं करतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्याच्या धंद्याबद्दल लिहिताना माझा हात जरा आखडतोच. पण या दुकानाला ना पाटी, ना फोन नंबर, ना कोणी मीटिंग घेणारा. तेव्हा लिहायला हरकत नाही.

दुकान म्हणजे चार बांबू, वर हिरवी ताडपत्री आणि खाली दोन बाकडी. वांद्र्याच्या जत्रेत माउंट मेरीच्या देवळाकडे चढताना डाव्या हाताला लागतं. (आमच्या कलिन्याच्या गावठाणात जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. मीही तेच लिहिणार.) इथे नवसाच्या मेणाच्या वस्तू मिळतात. ज्यांनी जत्रा कधी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ८ सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारी सण आणि मग आठवडाभर जत्रा. गुडघा धरला असेल तर मेणाचा पाय घ्यायचा, घर व्हायचं असेल तर मेणाचं घर, आणि ते नेऊन माउलीपुढे ठेवायचं. आमचेच लोक घेतात असं नाही. हिंदू, मुसलमान, पारशी सगळे रांगेत असतात. कोळी तिला मोत मावली म्हणतात आणि त्यांचं ऐकून ऐकून आम्हीही.

यंदा, २०२५ला, सण १४ सप्टेंबरला होता. मी गेले मंगळवारी, १६ला. एरवी सप्टेंबरात मला मधल्या वारी सुट्टी तर सोडाच, दुसरी शिफ्टसुद्धा मागून मिळत नाही. पण यंदा आमचं शोरूम त्या आठवड्यात ओस पडलं होतं. ३ सप्टेंबरला जाहीर झालं की २२ तारखेपासून मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार. मग आधी घेणार कोण? लोक यायचे, ५५ इंची टीव्हीसमोर उभे राहायचे, किंमत विचारायचे आणि "२२ला येतो" म्हणून निघून जायचे. एक जोडपं तर लागोपाठ तीन संध्याकाळी आलं. त्याच टीव्हीसमोर, त्याच जागी. तो समुद्राखालचे मासे बघायचा आणि ती भिंतीची लांबी हाताने मोजल्यासारखं करायची. आमची पोरं हसत होती. मला मात्र त्यांचा हेवा वाटला. कशाची तरी वाट बघत होती बिचारी.

माझं तसं काही उरलं नव्हतं. स्टाफ डिस्काउंट आणि हप्ते यांच्या जोरावर घरात सगळं आलंय. फ्रिज आला, मशीन आलं, एअर फ्रायरसुद्धा आला. त्यात आम्ही एकदा फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, गरम केले आणि त्यांचे दगड झाले. प्रत्येक वस्तू यायच्या आधी महिनाभर मला छान वाटायचं, आल्यावर आठवडाभर, आणि मग तिच्यावर डबे ठेवायला सुरुवात व्हायची. जपमाळ मात्र लांबत लांबत चालली होती. एका रात्री तर कहरच झाला. "नमो मरिये"चं एक दशक, म्हणजे माळेतले दहा मणी, संपवून मी माळ पुढे सरकवली आणि तोंडातून निघालं, "कॅरीबॅग पाहिजे का?" मुलगा पलंगावरून खाली पडेपर्यंत हसला. मीही हसले. मग दिवा बंद करून बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले.

देव नाही असं मला कधी वाटलं नाही. पण मागायला काही सुचेना, आणि मागणं सोडून त्याच्याशी दुसरं काय बोलायचं ते मी कधी शिकलेच नव्हते. माझी आई दर वर्षी जत्रेला जाताना यादी करायची. अमक्याची नोकरी, तमकीचं बाळंतपण, छपराची गळती. ती यादी माझ्याकडे वारशाने आली आणि एकेक करत पुरी होऊन संपली.

वांद्रे स्टेशनवरून जत्रेसाठी बेस्टच्या जादा गाड्या असतात, त्यातली एक पकडली. रिमझिम होती. चढावर दोन्ही बाजूंना नेहमीचंच सगळं: कडियो-बोडियो नावाची मिठाई, चणे, पेरूचं चीज, जपमाळा, बॅटरीवर लुकलुकणारी मरिया, मेलामाइनच्या थाळ्या. यंदाची भर म्हणजे टी-शर्ट. २०२५ हे कॅथलिकांचं ज्युबिली वर्ष, म्हणजे पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष, आणि त्याचं ब्रीद "आशेचे यात्रेकरू". पोप फ्रान्सिसनी हे वर्ष उघडलं आणि एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, ते स्वतःच निघून गेले. तर ती आशा पाठीवर छापून २५० रुपयांना मिळत होती. एल आणि एक्सएल संपले होते.

हिरव्या ताडपत्रीखाली मी थांबले ते पावसामुळे. बघायला लागले आणि मग हलवेना.

बाकड्यावर माणसं सुटी करून मांडून ठेवली होती म्हणा ना. एका ओळीत पाय, एका ओळीत हात, मग डोकी, मग छाती-पोटापर्यंतचे अर्धे देह. मुलगा हवा असेल तर मुलगा, मुलगी हवी असेल तर मुलगी, दोघांचे चेहरे एकच, फरक फक्त केसांचा. सगळ्यांच्या दोन्ही कुशींवरून एक बारीक रेघ गेलेली होती. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात ती. मेण पिवळट पांढरं, ओल्या हवेत घाम फुटल्यासारखं चिकट. आतून पोकळ. बोटाने टिचकी मारली तर डबडब आवाज येतो. पलीकडे घरं: दोन खिडक्या, एक दार, उतरतं छप्पर. या मुंबईत असं घर कोणाला मिळणार आहे देव जाणे, पण टॉवरचा साचा अजून आलेला दिसला नाही. मोटारी होत्या. विमानंही होती, परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी. त्यातल्या एकाचा पंख उकाड्याने खाली वाकला होता. त्या विमानाला "डिस्प्ले पीस" म्हणून दहा टक्के सूट द्यावी असं माझ्या मनात येऊन गेलं, इतकी मी गेलेली केस आहे.

हातांच्या ओळीपाशी मी जास्त रेंगाळले. लहानपणी आजी सांगायची, १७०० साली अरब चाचे देवळात शिरले. मूर्तीच्या हातातली वस्तू सोन्याची आहे असं समजून त्यांनी मावलीचा उजवा हातच तोडून नेला. सोनं काही निघालं नाही म्हणे. तेव्हापासून मेणाचा हात दिसला की मला वाटायचं, हा आपण तिच्याकडे मागायला देतोय की तिला परत करतोय? आजीला विचारलं होतं. तिने "चल पुढं" म्हणून पाठीत धपाटा घातला होता.

"काय पायजे ताई? दुखणं काय?" दुकानाच्या मावशींनी विचारलं. साठीच्या असतील. कपाळाला ठसठशीत कुंकू, अंगावर रेनकोट, गळ्यात क्यूआर कोडचा पुठ्ठा लटकवलेला.

"दुखत काही नाही."

"घर?"

"घर आहे."

"पोराबाळांचं?"

"मुलगा आहे. बारावीला."

"मग हे घ्या." मावशींनी मेणाचं पुस्तक पुढे केलं.

"अभ्यास करतो तो."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आमच्याकडे अशा गिऱ्हाइकाला "विंडो" म्हणतात, म्हणजे बघून जाणारा. मला वाटलं आता हाकलणार. मागे दोन बायका आणि एक पोर छत्री मिटून उभे होते. कसं कोण जाणे, मी म्हणून गेले, "मावशी, प्रार्थनेत मन लागत नाही. आतून सगळं कोरडं पडलंय. त्याला काय घेतात?"

बोलल्यावर इतकी लाज वाटली की विचारू नका. कन्फेशनमध्येसुद्धा मी एवढं सरळ कधी बोलले नव्हते. तिथे आपली ठरलेली चार पापं असतात, ती सांगून मोकळं व्हायचं.

मावशी मात्र हसल्या नाहीत. विचार करायला लागल्या. पहिलं हृदय उचललं. "बायपासवाले हे नेतात." ते खाली ठेवलं. मग डोकं उचललं. "टेन्शनला हे." दोन हातांत दोन वस्तू घेऊन त्या भाजी जोखावी तशा उभ्या राहिल्या. ही १०० रुपयांची वस्तू, ती १२०ची. काहीही माझ्या हातात ठेवलं असतं तरी मी घेऊन गेले असते, इतकी मी गांगरले होते. मग दोन्ही परत ओळीत लावल्या आणि म्हणाल्या, "ह्याचा साचा नाय माझ्याकडं. साधी बत्ती घ्या. वीस रुपये."

सेवेला पाचपैकी पाच देतेय ते या वाक्यासाठी. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात की ग्राहकाला "नाही" म्हणायचं नाही. पर्याय दाखवायचा, वरचं मॉडेल दाखवायचं, एक्स्टेंडेड वॉरंटी दाखवायची. ११ वर्षांत मी एकदाही कोणाला म्हटलेलं नाही की साहेब, तुम्हाला जे हवंय ते आमच्याकडे नाही. त्या टीव्हीवाल्या जोडप्यालासुद्धा म्हटलं नसतं.

आता वस्तूबद्दल. मेणबत्ती वीतभर, पांढरी, करंगळीएवढी जाड. बूड तिरपं कापलेलं, त्यामुळे सरळ उभी राहत नाही. वात फार लांब. वेष्टन नाही, पेपराचा तुकडासुद्धा नाही. हा मला गुणच वाटला, कारण आमच्याकडे एका रिमोटबरोबर जेवढा थर्माकोल निघतो त्यात या मावशींचं अख्खं दुकान बसेल. सुट्टे पैसे ही मात्र खरी अडचण. माझ्या फोनला डोंगरावर रेंज नव्हती. ५० ची नोट दिली तर परत द्यायला मावशींकडे १० रुपयेच होते. उरलेल्या २० ची त्यांनी दुसरी मेणबत्ती दिली. पूर्वी वाणी गोळ्या द्यायचे तसं. हे मला पटलेलं नाही. व्यवहाराचा एक मार्क कापला.

आमच्या पॅरिशच्या फादरांनी या ज्युबिली वर्षात एक गोष्ट चार वेळा तरी सांगितली असेल. बायबलमधल्या, पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातली, आठव्या अध्यायातली: जे डोळ्यांना दिसतंय त्याची आशा कोण कशाला धरेल? आणि दर वेळी मी मनातल्या मनात म्हणायचे, फादर, एकदा आमच्या शोरूमला या. दिसतं त्याचीच आशा धरतात लोक, आणि तीसुद्धा शून्य टक्के व्याजाने. त्या दिवशी सगळ्यांच्या हातात पाय होते, घरं होती, बाळं होती. माझ्या हातातल्या मेणाला कसलाच आकार नव्हता. ते वाक्य पुन्हा आठवलं आणि उलट उत्तर काही सुचलं नाही.

याचा अर्थ बाकीच्यांचं चुकतं असं मला म्हणायचं नाही. माझ्यापुढे रांगेत एक माणूस होता, मेणाचं मूत्रपिंडच शोधत आला होता म्हणे, ते न मिळाल्याने अर्धा देह घेऊन चालला होता. त्याला मी काय शिकवणार? घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "मम्मी, येशूने असलीच दुकानं उधळली होती ना?" हो, उधळली होती. जेरुसलेमच्या मंदिरातली, आणि त्यात कबुतरं विकणारेही होते. पण त्याच मंदिरात मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन गेले तेव्हा त्यांनी काय अर्पण केलं ते लूकने लिहून ठेवलंय: दोन पक्षी. नियमाप्रमाणे अर्पायचं असतं कोकरू. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं द्यावीत अशी सवलत होती. म्हणजे मावली स्वस्तातल्या काउंटरवरची गिऱ्हाईक. ते पक्षी तिने रानात जाऊन तर पकडले नसणार, कुठल्या तरी बाकड्यावरूनच घेतले असतील. सुट्ट्यांवरून घासाघीसही झाली असेल. हिशेब काही सरळ लागत नाही, असं मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "कॅरीबॅग दिली असेल का?" हा विनोद आता आमच्या घरात कायमचा राहणार.

देवळात आत जायला दीड तास लागला. हल्लीचं देऊळ १९०४ सालचं, आतून भव्य वगैरे आहे, पण जत्रेत वर बघायला कोणी देत नाही. "आगे चलो, आगे चलो." मावलीपुढे मला पाच सेकंद मिळाले असतील. तेवढ्यात मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि बाहेर आले.

मेणबत्ती पेटवली रस्त्याच्या पलीकडे, पायऱ्या चढून वर फातिमा माउलीचं, म्हणजे मरियेच्याच एका रूपाचं, स्थान आहे तिथे. समुद्रावरून वारा आणि वरून भुरभुर. माझी काडेपेटी पर्समध्येच ओली झालेली. शेजारी बुरख्यातली एक मुलगी उभी होती, तिने न बोलता आपली मेणबत्ती तिरपी करून माझी पेटवून दिली. तिरप्या बुडामुळे माझी उभी राहीना. मग खाली थेंब पाडून त्यात रोवायची म्हणून वाकवली तर सगळं मेण माझ्या अंगठ्यावर. चांगलंच भाजलं. शेवटी हाताने धरूनच उभी राहिले.

तिथे घाई करून चालत नाही, हे मला आधी कळलं नव्हतं. आमच्याकडे सगळं किती सेकंदांत होतं याला महत्त्व. रांगेत तीन माणसांच्या वर झाली की सुपरवायझर मागे येऊन उभा. इथे मेण आपल्या वेगाने जळतं. फुंकर मारली तर विझेल, सोडून गेलं तर पडेल. म्हणून उभी राहिले. काही मागितलं नाही. मागायला आठवलंच नाही. आणि या वेळी त्याने घाबरायला झालं नाही. किती वेळ गेला ते घड्याळात पाहिलं नव्हतं, पण मेणबत्ती अर्धी उरली तेव्हा स्वयंसेवक आला, जागा करायची म्हणून आडव्या पडलेल्या सगळ्या उचलून डब्यात टाकल्या. माझ्याकडे बघून म्हणाला, "आंटी, तुमची राहू दे, झाली की द्या." मी झाल्यावर दिली.

फरक पडला का? रिव्ह्यू म्हटल्यावर हे सांगायलाच हवं. चमत्कार वगैरे काही नाही. त्या आठवड्यात दोनदा जपमाळ शेवटपर्यंत झाली, तिसऱ्यांदा चौथ्या दशकाला डोळा लागला. २२ला शोरूममध्ये जी झुंबड उडाली त्यात मी देवाचं नाव एकदाच घेतलं, तेही प्रिंटर अडकला तेव्हा. ते जोडपं आलं होतं. टीव्ही घेतला. बिल देताना मी नेहमीचं "अजून काही हवंय का?" विचारायला गेले आणि नाही विचारलं. बाईने बिलाची घडी घालून ब्लाउजच्या आत ठेवली, नवसाची चिठ्ठी ठेवतात तशी.

हे लिहितेय तेव्हा नोव्हेंबर अर्धा सरलाय. दिवाळीचे कंदील उतरले आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मॉलमध्ये तीन मजली ख्रिसमस ट्री उभं राहिलं. दिवसातून चाळीसदा जिंगल बेल वाजतंय. आमचा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे दिवस, ३० तारखेला सुरू होणार, चार रविवारांचा, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्तीचा. यंदा मी बाजारातून संच आणणार नाही. सुट्ट्याच्या बदल्यात आलेली दुसरी मेणबत्ती फ्रिजवर एअर फ्रायरच्या शेजारी पडून आहे, पांढरीच, तीच चार रविवार थोडी थोडी जाळणार. बूड सुरीने सरळ करून घेतलंय. तुम्ही गेलात तर घेतानाच मावशींना कापून द्यायला सांगा आणि सुट्टे पैसे न्या.

एक तक्रार राहिली. जत्रेच्या त्या दिवशी माझी शिफ्ट दुपारी एकची होती. धावतपळत पोचले, मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. "प्लीज ट्राय अगेन." सिक्युरिटीचे काका म्हणाले, "मॅडम, हात पुसा, पावसाचा असेल." पुसला. पुन्हा लाल. मागे चौघं जण आयकार्ड हलवत उभे. अंगठा दिव्याखाली धरला तेव्हा दिसलं, वर मेणाचा पातळ पापुद्रा बसला होता. आयकार्डच्या कडेने तो हळूच सोडवला. अख्खा निघाला, नखापासून पेरापर्यंत, आणि आतल्या बाजूला माझ्या सगळ्या रेषा उमटलेल्या. काका वाकून बघायला लागले. "काय आहे ते?"

"अंगठा," मी म्हटलं, आणि तो पर्समध्ये पावतीत गुंडाळून ठेवला. एक वाजून तीन मिनिटांनी मशीनने मला आत घेतलं. लेट मार्क लागलाच.